आग रामेश्वरी, बंब जोगेश्वरी



पहिल्या वेचणीचा कापूस घरात आला, की गावोगावी मुंबईच्या फोनची वाट पाहिली जाते. पोरगं दिवाळीला येतं का, फवारणीच्या उधारीपुरते पैसे पाठवतं का, एवढीच चौकशी असते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कास्तकाराला मात्र जोगेश्वरीहून फोन आला तो पोराचा नव्हता. खोलीतल्या जोडीदाराचा होता. "काका, त्याला पोलिसांनी उचललं. खिशात पावडर सापडली."

हा कास्तकार पुढे आमच्याकडे आला तेव्हा त्याने जे सांगितले, त्यावरून हा लेख लिहावा लागत आहे. पोरगा बारावी झालेला. दोन वर्षे पोलीस भरतीसाठी पळाला, जमले नाही. शेत कोरडवाहू, दोन भाऊ, त्यात बोंडअळीचे साल. म्हणून मुंबईला गेला आणि सिक्युरिटीत लागला. दिवसपाळी संपली की दुसऱ्या इमारतीवर रात्रपाळी. झोप येऊ नये म्हणून कुणी तरी पुडी दिली. पहिली फुकट, दुसरी उधार, तिसरीपासून पगार पुडीवाल्याच्या नावावर.

पोलिसांनी पकडले. अर्ध्या ग्रॅमची पुडी निघाली. लघवीची तपासणी झाली, पंचनामा झाला, कोर्टापुढे उभे केले. "गुन्हा कबूल कर, दंड भरून सुटशील," असे कुणी तरी कानात सांगितले. पोराने कबूल केले. दंड भरला. सुटला. ज्या गल्लीतून उचलला त्याच गल्लीत परत गेला. दोन महिन्यांनी पुन्हा पकडला गेला.

बाप आम्हाला म्हणाला ते शब्द असे : "पोराला पकडलं याचं मला वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, बरं झालं. आता सरकारच्या हातात आला, आता त्याला कुणी तरी दवाखान्यात नेईल."

नेले नाही. कुठल्या ठाण्याने नेले नाही, ते नाव आम्ही देत नाही, कारण प्रश्न एका ठाण्याचा किंवा एका फौजदाराचा नाही. त्या बापाने जी भाबडी अपेक्षा केली ती कायद्यात लिहिलेली आहे. लिहिलेली असून ती त्याच्यापर्यंत का पोचली नाही, हा प्रश्न आहे.

जोगेश्वरी कुणाची?

ज्यांनी जोगेश्वरी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पश्चिम रेल्वेवर अंधेरी आणि गोरेगाव यांच्या मध्ये हे स्टेशन लागते. पूर्वेला सहाव्या शतकातली कोरीव लेणी आहेत आणि त्या लेण्यांच्या डोक्यावर आणि अंगावर वस्ती आहे. मजासवाडी, मेघवाडी पूर्वेला, बेहराम बाग पश्चिमेला. तिथून अंधेरीची एमआयडीसी आणि सीप्झ जवळ, गोरेगावची चित्रनगरी जवळ, विक्रोळीकडे जाणाऱ्या लिंक रोडच्या कडेने बांधकामे. म्हणजे हाताला काम जवळ आणि डोक्यावर पत्रा त्यातल्या त्यात परवडणारा. कोकणातला, घाटावरचा, उत्तरेतला आणि आता वऱ्हाड-मराठवाड्यातलाही माणूस तिथे दहा बाय दहाच्या खोलीत पाळ्या लावून झोपतो. ज्वारीला भाव नाही, कापसाला भाव नाही, म्हणून गेलेल्या पोरांची ही खोली आहे. तेव्हा जोगेश्वरीत काय होते याच्याशी आमचा काय संबंध, असे कुणी म्हणू नये.

या वस्त्यांत नशेचा माल नवा नाही. १९८० नंतरच्या वर्षांत मुंबईत ब्राऊन शुगर पसरली. मराठीने तिला 'गर्द' नाव दिले आणि ओढणाऱ्याला 'गर्दुल्ला'. गांजा आणि चरस त्याआधीपासून होतेच. पुढे झोपेच्या गोळ्या आल्या, त्यांना 'बटन' म्हणतात. खोकल्याचे औषध बाटली-बाटलीने पिणारे आले. आणि आता एमडी, म्हणजे मेफेड्रोन. ही पावडर शेतात उगवत नाही, रसायनांपासून कारखान्यात बनते. ती माणसाला जागवते, भूक मारते, मग संशयी आणि चिडका करते, आणि शेवटी मोडते. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या करणाऱ्या पोराला जागे ठेवणारी वस्तू कुणी विकायला आली, तर तिला गिऱ्हाईक कसे मिळते हे समजायला फार अक्कल लागत नाही.

एका प्रश्नाची दोन उत्तरे

गर्दची लाट आली तेव्हा एकाच प्रश्नाला महाराष्ट्राने दोन उत्तरे पाहिली, आणि ती एका वर्षाच्या आत पाहिली.

पहिले उत्तर दिल्लीचे. १४ नोव्हेंबर १९८५ ला अमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ कायदा लागू झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून पोलीस त्याला 'एनडीपीएस' म्हणतात. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजा-अफूची जुनी चाल बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत दिली होती, ती संपत आली होती. घाईघाईने कायदा झाला. तोपर्यंत सरकारी परवान्याच्या दुकानात मिळणारी वस्तू एका रात्रीत मोठा गुन्हा झाली. किमान दहा वर्षांची सजा त्यात होतीच. १९८९ मध्ये कायदा आणखी कडक केला : जामीन जवळजवळ नाही, काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा सापडल्यास फाशी. ती फाशी न्यायाधीशाला दिलीच पाहिजे अशी होती. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०११ मध्ये ती सक्ती घटनाबाह्य ठरवली.

दुसरे उत्तर पुण्याचे. २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केले. तिथे गर्दुल्ल्याला रुग्ण म्हणून घेतले. त्याची टर्की, म्हणजे माल बंद झाल्यावर अंगाची होणारी तडफड, डॉक्टरांच्या नजरेखाली उतरवली. मग त्याला बोलते केले, कामाला लावले, घरच्यांनाही शिकवले.

एकाने कोठडी उघडली, दुसऱ्याने खाट टाकली. तेव्हापासून कोठड्या वाढल्या. खाटा त्या मानाने वाढल्या नाहीत.

नाक्यावर कोण सापडतो?

पोलिसांच्या कारवाईचा हिशेब समजायला आपल्याला मुंबईला जायची गरज नाही. कापूस एकाधिकार खरेदीचे दिवस आठवा. १९७२ पासून ही योजना राज्यात आली, आणि आपलाच कापूस आपल्याच बैलगाडीतून राज्याच्या हद्दीपार नेणे हा गुन्हा झाला. हद्दीवर नाके बसले. त्या नाक्यांवर कोण अडकत होता? दोन क्विंटल कापूस चढ्या भावाला विकायला निघालेला गाडीवाला. ट्रकवाल्यांच्या गाड्या कशा पार होत होत्या हे त्या नाक्यांशेजारच्या गावांना विचारा. वर्ध्याच्या दारूबंदीचेही तसेच. १९७५ पासून जिल्हा कोरडा आहे. रोज धाडी पडतात, रोज कुणी तरी बाई-माणूस डबकीसह पकडले जाते, आणि दारूही रोज मिळते. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली.

याचा अर्थ कायदाच नको असा आम्ही काढत नाही. अर्थ एवढाच, की बंदी घातली की पोलिसाच्या हाताला जो सोपा लागतो तो सापडतो. जो सोपा नाही तो सापडत नाही.

एनडीपीएसमध्ये सोपा कोण? पिणारा. या कायद्याचे २७ वे कलम नुसते सेवन करणाऱ्यासाठी आहे. ब्राऊन शुगर, कोकेन यांसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गांजासारख्या वस्तूंसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माल किती सापडला यावर २००१ पासून पायऱ्या आहेत. ब्राऊन शुगर पाच ग्रॅमपर्यंत, गांजा एक किलोपर्यंत, एमडी दोन ग्रॅमपर्यंत ही 'अल्प मात्रा'. अडीचशे ग्रॅम, वीस किलो आणि पन्नास ग्रॅम यांच्यावर 'व्यापारी मात्रा', तिला दहा ते वीस वर्षे.

व्यापारी मात्रेचा माणूस पकडायचा म्हणजे खबर लेखी नोंदवा, महिनोन् महिने माग ठेवा, झडतीचे नियम पाळा, अंगझडती घ्यायची असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यापुढे घेण्याचा हक्क आरोपीला सांगा, नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढा, कलिन्याच्या प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहा. एक पायरी चुकली तर वकील खटला उडवतो. पिणारा पकडायचा तर संध्याकाळी बांधकामामागच्या मोकळ्या जागेत एक फेरी पुरते. रजिस्टरात मात्र दोन्ही एकेकच गुन्हा.

विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या कोर्टांतली २०१७ आणि २०१८ सालची दहा हजारांहून अधिक प्रकरणे तपासली आणि २०२० मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली बहुसंख्य प्रकरणे नुसत्या सेवनाची, तीही गांजाची. पकडलेले लोक बहुतेक रोजंदारीवाले, झोपडपट्टीत किंवा फुटपाथवर राहणारे. गांजा फक्त झोपडपट्टीतच ओढला जातो काय? नाही. पण बंगल्याच्या गच्चीवर पोलिसाची फेरी जात नाही.

पोलिसांची बाजूही ऐकली पाहिजे. जोगेश्वरीच्या चाळीत राहणाऱ्या बाईला विचारा. नळावर जाताना वाटेत टोळके बसलेले असते, मोबाइल हिसकावतात, घराबाहेरची सायकल नाहीशी होते, पोरगी क्लासवरून यायची तर बाप नाक्यावर उभा राहतो. ती ठाण्यात तक्रार देते आणि पोलिसाने काही तरी करावे ही तिची मागणी रास्त आहे. पोलीस म्हणतात, पिणाऱ्याला पकडल्याशिवाय विकणाऱ्याचे नाव कसे कळणार? तेही खरे आहे. फक्त पकडल्यावर पुढे काय करता, इथे सारे अडते.

पुडी वर जाते तेव्हा

पुडीला दोन वाटा असतात. एक वाट वर जाते : पिणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे, तिथून पुरवणाऱ्याकडे, तिथून भट्टीकडे. दुसरी वाट तिथल्या तिथे संपते : पोरगा, पंचनामा, दंड, परत गल्ली.

वरची वाट चालता येते हे मुंबई पोलिसांनीच दाखवले आहे. जोगेश्वरीपासून जवळच्या साकीनाका ठाण्याने २०२३ मध्ये काही ग्रॅमच्या जप्तीपासून माग काढला. ऑक्टोबरमध्ये ते नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीच्या कारखान्यापर्यंत पोचले आणि कोट्यवधींचा माल जप्त केला. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबईच्या अमली पदार्थविरोधी कक्षाच्या वरळी युनिटने नालासोपाऱ्यात सुमारे सातशे किलो एमडी पकडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलीस असाच माग काढत दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत पोचले. ही कामे चांगली झाली, ती चांगली झाली असे आम्ही म्हणतो.

पण शिंदे गावच्या प्रकरणाची दुसरी बाजूही पाहा. त्यातला मुख्य आरोपी आधीच्या एमडी प्रकरणात येरवडा तुरुंगाचा कैदी होता. तो होता कुठे? पुण्याच्या ससून रुग्णालयात, महिनोन् महिने दाखल. आणि २ ऑक्टोबर २०२३ ला तिथून पळाला. पुढे पंधरा दिवसांनी साकीनाका पोलिसांनी त्याला दक्षिणेत जाऊन पकडले.

म्हणजे ज्याने तुरुंगात असायला हवे तो दवाखान्यात, आणि ज्याला दवाखाना हवा तो कोठडीत. आमच्या म्हाताऱ्यांनी याला फार आधीच नाव ठेवले आहे : आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आता सोमेश्वरीच्या जागी जोगेश्वरी म्हणावे इतकेच. आग लागते एमआयडीसीतल्या भाड्याच्या शेडमध्ये, बंब धावतो जोगेश्वरीच्या गल्लीत. ज्वारीचे पान पिवळे पडले म्हणून पानावर फवारा मारत बसलो आणि मुळाशी हुमणी तशीच राहिली, तर आपण त्याला शेती म्हणत नाही.

कायद्यातला बंद दरवाजा

आता मुद्द्याची गोष्ट. ती प्रत्येकाने ध्यानात ठेवावी आणि गावात जाऊन सांगावी.

याच कायद्यात ६४-अ नावाचे कलम आहे. ज्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप आहे असा व्यसनी माणूस जर स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य दवाखान्यात किंवा संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने ते घेतले, तर त्या आरोपाबद्दल त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही माफी काढून घेता येते. दुसरे ३९ वे कलम. त्याप्रमाणे दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याची संमती असेल तर, तुरुंगाऐवजी बंधपत्रावर उपचारासाठी पाठवण्याचा अधिकार कोर्टाला आहे.

म्हणजे त्या बापाला वाटले तेच कायद्याने लिहून ठेवले आहे.

हा दरवाजा उघडतो का? उघडतो. अभिनेता फरदीन खान याला मे २००१ मध्ये जुहू भागात कोकेनच्या प्रकरणात अटक झाली. जुहू म्हणजे जोगेश्वरीहून रिक्षाच्या अंतरावर. त्याने केईएम रुग्णालयात उपचार घेतले, कोर्टात ६४-अ चा अर्ज केला आणि २०१२ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला माफी दिली. त्याने काही चुकीचे केले असे आम्ही म्हणत नाही. त्याने कायद्यात लिहिले होते तेच केले. आमचे म्हणणे एवढेच, की नट ज्या दरवाजातून गेला त्याच दरवाजातून वॉचमनलाही जाता आले पाहिजे.

मग तो का जात नाही? पहिले कारण, त्याला कुणी सांगत नाही. अंगझडतीआधी हक्क सांगायची सक्ती कायद्याने पोलिसावर आहे, कारण न सांगितले तर खटला पडतो. उपचाराचा हक्क सांगायची तशी सक्ती नाही. दुसरे कारण, वेळ. दंड भरून गुन्हा कबूल केला की त्या दिवशीच्या रात्रपाळीला जाता येते. उपचाराला आठवडे लागतात, आणि रोजंदारीवाल्याला आठवडा परवडत नाही. तिसरे कारण, जागा. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत देशात गांजा-भांग-चरस घेणारे तीन कोटींहून अधिक आणि अफूवर्गीय पदार्थ घेणारे दोन कोटींहून अधिक असल्याचे म्हटले होते. एवढ्यांना पुरतील इतक्या खाटा कुठे आहेत?

आणि "कबूल कर, सुटशील" या सल्ल्याची किंमत त्या पोराला ठाऊक नव्हती. दंड भरला तरी ती शिक्षाच. उद्या पोलीस भरती, सैन्य भरती, सरकारी नोकरी, यांतल्या कशाचीही चारित्र्य पडताळणी निघाली की ती शिक्षा समोर येते. दोन वर्षे भरतीसाठी पळालेल्या पोराने अर्ध्या ग्रॅमसाठी आणि अर्ध्या तासात ते दार स्वतःच्या हाताने लावून घेतले.

अशाने सगळेच सुटतील काय?

कुणी म्हणेल, मग प्रत्येक जण म्हणेल मी व्यसनी, मला सोडा. तसे होत नाही. ही माफी अल्प मात्रेपुरतीच आहे आणि उपचार पूर्ण केले तरच टिकते. विकणाऱ्याला, साठा करणाऱ्याला, भट्टी लावणाऱ्याला ती नाही. त्यांच्यावर जेवढी कडक कारवाई होईल तेवढी हवी. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने अमली पदार्थांचे गुन्हे मकोकाखाली आणणारी दुरुस्ती मंजूर केली. ते हत्यार भट्टीवाल्यावर चालले तर आमची तक्रार नाही. ते पुन्हा पुडीवाल्या पोरावरच बोथट होऊ नये, एवढे पाहिले पाहिजे.

परदेशातही हा वाद झाला. पोर्तुगालने २००१ पासून थोडा माल बाळगणाऱ्याला फौजदारी कोर्टाऐवजी एका समितीपुढे उभे करायला सुरुवात केली. समितीत कायदा जाणणारे आणि आरोग्य-समाजकार्यातले लोक असतात, आणि ती उपचाराकडे वळवते. विक्री तिथेही गुन्हाच राहिली. त्या देशाने सोबत दवाखानेही उभे केले, म्हणून पद्धत टिकली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२१ मध्ये शिक्षा काढली, पण उपचाराची सोय वेळेत उभी राहिली नाही. लोक वैतागले आणि २०२४ मध्ये शिक्षा परत आली. धडा सरळ आहे : नुसती कोठडी बंद करून भागत नाही, खाट टाकावी लागते. आपल्या देशात २०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयानेही अल्प मात्रेच्या माणसाला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवावे असे सुचवले होते. कलम २७ मात्र तसेच राहिले.

वाट आता गावाकडे वळली आहे

हे सारे मुंबईचे आहे असे समजून जो स्वस्थ बसेल त्याने तुळजापूर आठवावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यात तामलवाडीजवळ एमडीच्या पुड्या पकडल्या. माल मुंबईहून येत होता. तपास पुढे गेला तशी आरोपींची संख्या काही डझनांवर गेली. ज्या तालुक्यात ज्वारी आणि सोयाबीन पिकते, जिथे उभा महाराष्ट्र भवानीच्या दर्शनाला जातो, तिथे ही पावडर पोचली. पोरगा जोगेश्वरीला जातो तशी जोगेश्वरीची पुडी त्याच बसने परत येते.

दुसरे टोकही आपल्याकडेच आहे. कपाशीत किंवा तुरीत गांजाची झाडे सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. कुणी झटपट पैशाची लालूच दाखवील. त्याला बळी पडू नका. गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आपल्या शेतात दुसऱ्या कुणी बेकायदा लागवड केल्याचे कळले तर ताबडतोब कळवणे हे शेतमालकावर ४६ व्या कलमाने बंधन आहे. जाणूनबुजून गप्प बसणे हाही गुन्हा. ४७ व्या कलमाने असेच बंधन सरपंच, पंच, पोलीस पाटील यांच्यावर आहे. शेतातली शेड, कोंबड्यांचे खुराडे, रिकामे गोदाम अनोळखी माणसाला जास्त भाड्याने देण्याआधी लेखी करार करा आणि तिथे काय चालते ते पाहा. अमली पदार्थासाठी जागा जाणूनबुजून वापरू देणाऱ्यालाही शिक्षा आहे. भट्टीवाला पळून जातो, सातबारा मात्र जागेवर सापडतो.

काय करायचे

घरातल्या कुणाला असा फोन आला तर घाबरून गुन्हा कबूल करायला सांगू नका. अटकेतल्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यांचा क्रमांक १५१००. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे बंधनकारक आहे. जामीन कोर्टाच्या हाती असला तरी व्यापारी मात्रेसाठीच्या कलम ३७ च्या कडक अटी अल्प मात्रेला लागत नाहीत. वकिलाला पहिल्याच दिवशी ६४-अ विचारा. पोरगा गर्द ओढणारा असेल तर कोठडीत त्याला टर्की लागेल. डॉक्टर मागा.

पकडण्याची वाट कशाला पाहता? पोरगा झोपत नाही, जेवत नाही, पगार पुरत नाही, विनाकारण चिडतो, अशी खबर आली तर बदडायला नव्हे, बोलायला जा. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा क्रमांक १४४४६ आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असेल तर तिथे चौकशी करा. खासगी व्यसनमुक्ती केंद्रात टाकायचे तर नोंदणी विचारा, डॉक्टर कोण आहे ते पाहा. साखळीने बांधून मारणाऱ्या केंद्रात पोराला सोडून येऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे रुग्णही येतात, त्यांनाही हक्क आहेत.

आणि जिल्हा बैठकीत तीन मागण्यांचा ठराव करा. एक : सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या प्रत्येक आरोपीला अटकेच्या वेळीच, त्याच्या भाषेत, लेखी, ६४-अ आणि ३९ समजावून सांगितले जावे आणि तशी सही घ्यावी. दोन : पोलिसांनी आपले आकडे देताना पिणारे किती आणि विकणारे-बनवणारे किती हे वेगळे द्यावेत, कामाचे मोजमाप दुसऱ्या आकड्यावर व्हावे. तीन : प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा असाव्यात, आणि त्या किती आहेत हे दाराशी फळ्यावर लिहावे.

तो कास्तकार पोराला घेऊन आला आहे. पोराचे उपचार चालू आहेत. तो सध्या कमी बोलतो, पण झोपतो. बाप म्हणाला, "या साली तूर बरी आहे." आम्ही त्याला बाकी काही विचारले नाही.

त्याच्या पोराला दवाखान्यापर्यंत नेण्यासाठी जोगेश्वरीहून आठशे किलोमीटर मागे यावे लागले, आणि तेही बापाला. सरकारचा पोलीस त्याच्याजवळ दोनदा पोचला होता.